विचारायचे राहून गेले

फराळाच्या ताटाशी माणसाचे वय लपत नाही. लहान मूल आधी लाडवाला हात घालते. विशीतला मुलगा चिवड्याची मूठ भरून उभ्या-उभ्याच बाहेर पडतो. आणि साठी उलटलेला माणूस चकली उचलतो, तिच्याकडे क्षणभर पाहतो आणि ती हळूच परत ठेवून करंजीकडे वळतो. माझी आई आमच्या आळीत चकल्यांसाठी नावाजलेली आहे. भाजणी ती दुसऱ्या कोणाला भाजू देत नाही. पहिला घाणा निघाला की एक चकली कानाशी नेऊन मोडते आणि नुसत्या आवाजावरून मोहन कमी की जास्त ते सांगते. खाण्याच्या बाबतीत मात्र नऊ-दहा वर्षे तिची चकली चहात पडत असे आणि लगदा होऊन चमच्याने बाहेर येत असे. "मला आता चकली कानांनीच खायची," असे ती म्हणे. आम्ही हसत असू, आणि चकली झकास झाली आहे असे दरवर्षी एकमुखाने सांगत असू.

ही हकिकत त्या चकलीपासून सुरू झाली. ती एका जुन्या प्रश्नापाशी येऊन अडेल अशी मला कल्पना नव्हती. प्रश्न असा, की दुसऱ्याचे भले करताना त्याला विचारावे लागते काय? 'अर्थातच लागते,' असे उत्तर कोणीही देईल. मीही दिले असते. मी शाळामास्तर आहे. असली उत्तरे देण्याचाच मला पगार मिळतो.

आईच्या वरच्या दाढा, दोन्ही बाजूंच्या, पन्नाशीच्या आतबाहेरच गेल्या. दुखली की काढायची, हे आमच्या भागातले त्या काळचे दंतशास्त्र. दाढ निघाली की दुखणे निघाले, असे सगळेच मानत. दाढेबरोबर आणखीही काही जाऊ लागते, हे आम्हाला पुढे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी सांगितले. दाताभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात गेला की ते हाड बसून राहत नाही. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतली असते. यूलियस व्होल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली लिहून ठेवले आहे की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते. भार असला तर भरते, भार गेला तर झिजते. हे ऐकताना मला आमच्या शाळेतले निवृत्त झालेले एक हेडमास्तर आठवले. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचा सदरा त्यांच्या अंगावर सैल होऊ लागला होता.

वरच्या जबड्याची आणखी एक तऱ्हा आहे. दाढांच्या मुळांच्या वर, गालाच्या हाडात, हवेची पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्यावर ती पोकळी खाली उतरत येते. म्हणजे हाड खालून झिजते आणि वरूनही. डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावून आम्हाला दाखवले. डाव्या बाजूला जिथे दाढा होत्या तिथे तीन मिलिमीटर हाड उरले होते. "इम्प्लांटला किमान आठ-दहा तरी लागतं," डॉक्टर म्हणाले. आई त्या करड्या चित्राकडे पाहत राहिली. "एवढंच राहिलंय होय माझं?" तिने विचारले.

काढघालीचे दात तिने पूर्वी करून घेतले होते. त्यांनी तिला उमळे येत. एकदा जेवताना काढून पदरात ठेवले, ते पदर झटकताना उकिरड्यावर गेले, आणि तिने ते शोधूही दिले नाहीत. म्हणून माझा धाकटा भाऊ, जो पुण्यात नोकरी करतो आणि माझ्या चौपट मिळवतो, २०२२ च्या दिवाळीत म्हणाला, "दादा, आईला पक्के दात बसवू. खर्चाचं मी बघतो. आधी डावी बाजू, मग उजवी." आईने त्याला होकार दिला. तो दातांना दिलेला होकार होता. माझे सगळे लेखन या एका वाक्याभोवती फिरणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

हाडात रुजणाऱ्या धातूचा शोध कसा लागला ती कथा मला कादंबरीकार म्हणून फार आवडते, कारण तो अपघाताने लागला. स्वीडनमध्ये लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडातले रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक चिमुकली खिडकी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागडी खिडकी काढून पुन्हा वापरायची, तर ती निघेना. हाड तिला धरून बसले होते. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि हाड त्या थराला परके मानत नाही. १९६५ मध्ये योटेबोरी शहरात ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन यांचा जबडा जन्मतःच सदोष होता आणि खालचे दात नव्हते. लार्सन २००६ साली वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक, ते स्क्रू काम देत होते. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेपर्यंत ब्रोनेमार्क यांच्याकडे संशयानेच पाहिले. लार्सन यांनी स्वतः होकार दिला होता. सशाला अर्थातच कोणी विचारले नव्हते.

आईच्या जबड्यात स्क्रू धरायला हाडच नव्हते, तेव्हा आधी हाड तयार करणे भाग होते. जानेवारी २०२३ मध्ये ते काम झाले. गालाच्या बाजूने हिरडी उघडतात, हाडाला लहानशी खिडकी पाडतात, आत सायनसचा जो पडदा असतो तो – कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ – न फाटू देता वर सरकवतात, आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे कण भरून टाके घालतात. मग सहा ते नऊ महिने थांबायचे. त्या कणांच्या आधाराने माणसाचे स्वतःचे हाड आत चढत जाते. डॉक्टरांनी हे सगळे नीट समजावून सांगितले. साखर आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हाडे बळकट करणारी औषधे कधी घेतली का, सगळे विचारले. मिश्रीचेही विचारले. आई चाळीस वर्षे मिश्री लावते. तंबाखूने जखम नीट भरत नाही, तेव्हा ती सोडावी लागेल असे त्यांनी बजावले. "माळ घातली तेव्हा सुटली नाही, ती आता दातांसाठी सुटायची," असे म्हणून आईने ती सोडलीही. पंधरा दिवस नाक शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, हा नियम तिने इतक्या निष्ठेने पाळला की नातवंडे तिच्या शिंकेची वाट पाहत बसत.

आई माळकरी आहे. आमचे गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून दोन कोसांवर. आईच्या गळ्यात तुळशीची माळ पंचवीस वर्षे आहे. घरात अंडे येत नाही. हे डॉक्टरांना माहीत होते काय? माळ तर त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. एक्स-रेच्या वेळी ती बाजूला करावी लागली होती.

शस्त्रक्रियेच्या आधी एक छापील कागद आला. इंग्रजीत, चार पाने, बारीक अक्षर. "आजी, तुम्ही बसा. सर सही करतील," काउंटरवरची मुलगी म्हणाली, आणि सरांनी सही केली. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. इंग्रजी मला वाचता येते, पण सावकाश. आणि मागे लोक उभे होते. न वाचता सही केल्याचे ते कारण मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. खरे कारण निराळे होते. सावकाश वाचताना त्या मुलीला मी दिसलो असतो.

महिन्याभराने फाईल चाळताना आतल्या पानावर एक चिकटवलेली चिठ्ठी दिसली. हाडाच्या बाटलीवरची असते, ती रुग्णाच्या नोंदीत लावून ठेवतात. तिच्यावर 'बोव्हाइन' असा एक शब्द होता. मी कोश काढला. गाय-बैलांसंबंधीचा, असा त्याचा अर्थ दिला होता.

मी कोश मिटला आणि पुन्हा उघडून पाहिला. अर्थ तोच होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याविषयी वाईट लिहिण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी न चिडता, वेळ घेऊन सांगितले. जनावराच्या हाडातले सगळे सेंद्रिय, म्हणजे मांस, चरबी, प्रथिने, प्रक्रियेने काढून टाकतात. उरते ते खनिज. त्याची जाळी माणसाच्या हाडाच्या जाळीशी फार मिळतीजुळती असते, म्हणून माणसाच्या पेशी तिच्यात सहज वस्तीला येतात. जगभर वर्षानुवर्षे हेच वापरले जाते. "परांचीसारखं समजा, सर," ते म्हणाले. मला उपमा आवडली, पण लगेच शंकाही आली. परांची घर झाल्यावर काढून घेतात. "ही काढतात का?" मी विचारले. नाही, ते म्हणाले; हे कण फार सावकाश विरतात, कित्येक वर्षे राहतात, नवे हाड त्यांच्याभोवती बांधले जाते. "दुसरं काही नव्हतं का?" होते. रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून घेतलेले हाड सर्वांत चांगले, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. दान केलेले मानवी हाड मिळते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८८ पासून त्याची पेढी आहे, तिथे गामा किरणांनी ते निर्जंतुक करतात. कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे कणही मिळतात. "मग आम्हाला सांगितलं नाहीत?" यावर ते क्षणभर थांबले. "कागदावर होतं, सर. आणि तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलंच असतं."

कागदावर होते. तिसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. सांगावे काय, हा एक. आणि कोणी सांगायला हवे होते, हा दुसरा. दुसरा पहिल्याहून सोपा, म्हणून मी बरेच दिवस त्याच्यातच रमलो. गावातल्या एका वकील मित्राने सांगितले की सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. त्या खटल्यातली मुलगी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया केली होती. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, असे न्यायालयाने म्हटले. "तुझी केस जोरात आहे," मित्र उत्साहाने म्हणाला. मी मात्र वेगळाच हिशेब करीत होतो. तिथे मुलीसाठी आईने संमती दिली, इथे आईसाठी मुलाने. ती मुलगी निदान भुलीखाली होती. माझी आई पूर्ण शुद्धीवर, माझ्यापासून चार हातांवर, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

त्याच आठवड्यात शाळेत एक प्रकार झाला. सातवीतल्या एका मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच केली. मी त्याला उभे करून विचारले, "दुसऱ्याची सही करतोस? कोणी शिकवलं तुला?" मुलगा खाली पाहत म्हणाला, "त्यांना वाईट वाटलं असतं, सर." त्याला शिक्षा करायची होती. मी त्याला खाली बसायला सांगितले आणि फळ्याकडे तोंड करून तारीख लिहू लागलो. ती आधीच लिहिलेली होती.

घरात माझ्या बाजूने, म्हणजे गप्प राहण्याच्या बाजूने, भक्कम बहुमत होते. भाऊ म्हणाला, "दादा, ते आता बाहेर निघणार आहे का? नाही ना? मग सांगून काय साधणार? उरलेली वर्षं ती जिभेने तेवढीच जागा चाचपत बसेल." युक्तिवाद बिनतोड होता. ज्याला उपाय आहे ते सांगावे. ज्याला नाही ते सांगणे म्हणजे आपल्या खिशातला विंचू दुसऱ्याच्या खिशात टाकणे. बायको याहून थोडक्यात म्हणाली, "सांगून तुम्हाला हलकं वाटेल, त्यांना जड." या वाक्याला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. कबुलीजबाब देणाऱ्या माणसाला पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्याची गरज असते एवढेच. सत्याचे नाव तो उगाच घेतो.

मी स्वतःही काही पुरावे जमवले. ज्या पखवाजावर हरिनामाचा गजर होतो त्याची पुडी चामड्याची असते. आई ज्या औषधाच्या कॅपसूल गिळते त्यांचे आवरण बहुधा जनावरांच्या जिलेटिनचे असते. मधुमेही माणसांना १९२२ पासून मिळालेले इन्शुलिन कित्येक दशके गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून येत होते. मानवी इन्शुलिन बाजारात आले ते १९८२ नंतर. त्यावर कितीतरी भाविक माणसे जगली. शुद्धतेची रेघ आखायला जावे तर ती आपल्याच घरातून, आपल्याच पायातल्या चपलेतून जाते.

हा पुरावा मी मनात आईपुढे मांडून पाहिला आणि तो तिथेच कोसळला. पखवाजाची पुडी चामड्याची आहे हे आईला ठाऊक आहे. ते ठाऊक असून तिने त्याचा निर्णय कधीच केलेला आहे. तो कसा केला हे मला माहीत नाही, पण तो तिचा आहे. कॅपसूलचे तिला ठाऊक नाही, आणि तेही तिला कोणी सांगितले नाही, म्हणजे माझ्या बाजूच्या पुराव्यात आणखी एक न सांगितलेली गोष्ट निघाली!

दधीची ऋषींची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. वृत्रासुराला मारण्यासाठी वज्र हवे, वज्रासाठी ऋषींच्या अस्थी हव्यात. देव त्यांच्या आश्रमात जातात, हात जोडून मागतात आणि दधीची देह ठेवतात. इतकी वर्षे मी त्यागावर भर देऊन ही गोष्ट सांगत होतो. त्या वर्षी सांगताना मी मध्येच थांबलो. देवांनी मागितले, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. समजा, घाई आहे, असुर दारात आहे, कार्य पवित्र आहे, म्हणून देवांनी झोपलेल्या ऋषींच्या अस्थी काढून नेल्या असत्या. वज्र तितकेच कठीण झाले असते. वृत्र तसाच मेला असता. मग देवांत आणि वृत्रात फरक काय राहिला असता? आम्ही आईचे भलेच केले होते. हाड चांगले रुजत होते, स्कॅन उत्तम होता. आणि तरीही तिच्या तोंडात, तिच्याच हाडामध्ये, आम्ही सगळे जण तिला न विचारता वस्तीला गेलो होतो.

पालखी येऊन गेली, आषाढी झाली. मग मी सांगितले. आधी सांगितले असते तर वारकऱ्यांच्या पंगतीला वाढताना तिचा हात अडखळला असता असे मला वाटले. (हेही मीच ठरवले होते, हे आता लिहिताना ध्यानात येते.) ओसरीवर ती शेंगा फोडत बसली होती. मी मोजक्या शब्दांत सांगायचे ठरवले होते. प्रत्यक्षात खनिज, जाळी, परांची असे पुष्कळ बोललो. ती शेंगा फोडत राहिली. बराच वेळाने म्हणाली, "ती गाय यासाठीच मारली का रे?"

याचे उत्तर मला येत नव्हते. तिच्यासमोरच मी डॉक्टरांना फोन लावला. मांसासाठी मारलेल्या जनावरांची हाडे असतात, नुसती यासाठी मारत नाहीत, असे ते म्हणाले. मी ते तिला सांगितले. काहीतरी बरे सांगायला मिळाले म्हणून माझा आवाजही थोडा चढला असावा.

"म्हणजे आपल्यासाठी नाही," ती म्हणाली. "पण आपल्यात आहे."

आठ दिवस ती डाव्या बाजूने पाण्याची गुळणीसुद्धा फिरवत नव्हती. मी सुचवले की कीर्तनाला येणाऱ्या बुवांना विचारू, ते काही मार्ग सांगतील. "त्यांना कशाला?" ती म्हणाली. "तोंड माझं आहे." गायीविषयी ती मग काही बोलली नाही. मी समजलो, विषय संपला. तो संपला नव्हता. मला वाटत होता त्याहून तो निराळा होता. एका संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने सहज विचारावे तसे विचारले, "त्या कागदावर सही कुणी केली?"

"मी."

"मला सही येते रे," ती म्हणाली.

आई चौथीपर्यंत शिकली आहे. गावच्या महिला बचत गटाची ती अकरा वर्षे खजिनदार आहे. दर महिन्याला वहीवर तिची सही असते, आणि बँकेचा कागद कोणाकडून तरी पूर्ण वाचून घेतल्याशिवाय ती सही करीत नाही, म्हणून बँकेचे लोक तिला थोडे टरकूनच असतात. हे मला माहीत होते. मीच कितीदा ते कागद तिला वाचून दाखवले आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये स्क्रू बसवायचे होते. ती येईल असे मला वाटत नव्हते. पण आदल्या रात्री तिने पिशवी भरली. दवाखान्यात कागद आला, तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच. मराठीत." मी वाचू लागलो. अडलो तिथे डॉक्टर बाहेर येऊन सांगू लागले, आणि शेवटी खुर्ची ओढून शेजारीच बसले. चाळीस मिनिटे लागली. मागे लोक खोळंबले होते. एक गृहस्थ घड्याळाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते. "आणि हा धातू कुठल्या जनावराचा?" आईने विचारले. काउंटरवरची मुलगी हसली. डॉक्टर हसले नाहीत. टायटॅनियम खनिजातून मिळते, म्हणाले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचे खनिज आहे. "म्हणजे मातीचा," आई म्हणाली, आणि पेन घेऊन तिने वडिलांच्या नावापासून सुरुवात केली, मग खोडून नवऱ्याचे घातले, आणि आडनाव ओळ सोडून खाली गेले.

मार्च २०२४ मध्ये कॅप बसल्या. उजव्या बाजूचे भावाने विचारले तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन चारही प्रकार आईपुढे मांडले. स्वतःच्या हनुवटीचे हाड ऐकून तिने हनुवटीवर हात ठेवला. माणसाचे हाड, या शब्दाला मी बिचकलो. ती बिचकली नाही. "त्याने दिलेलं असतं का?" एवढेच तिने विचारले. दिलेले असते, डॉक्टर म्हणाले. कारखान्यातल्या कणांचा भावही तिने विचारून ठेवला. मग म्हणाली, "बघू पुढच्या वर्षी. एका बाजूने चावता येतं." पुढचे वर्ष आले. उजवी बाजू अजून तशीच आहे, आणि तिला पुन्हा विचारायचा धीर भावाला होत नाही. मला वाटते, ती बाजू तिने राखून ठेवली आहे.

गेल्या दिवाळीत पहिला घाणा निघाला. आईने रीतीप्रमाणे एक चकली कानाशी मोडली. मग त्यातला तुकडा डाव्या बाजूला घातला आणि चावला. आम्ही सगळे आपापली कामे सोडून तिच्याकडे पाहत होतो. ती सावकाश चावत राहिली. मग तिने उरलेली चकली उलटसुलट करून पाहिली.

"मीठ जास्त आहे की," ती म्हणाली. "दरवर्षी असंच पडत होतं का?"

मी बायकोकडे पाहिले. बायको झारा घेऊन कढईकडे वळली.